वीस अंशांचं पाणी खोपोलीत कुठून आणायचं?

आजची पोस्ट एका पुस्तिकेबद्दल आहे. पाण्यातल्या जिवाणूंवर पीएचडी करणाऱ्या माणसाच्या हातात ती पहिल्याच वर्षी पडते आणि मग सुटत नाही. ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या सरकारी संस्थेने ती काढलीये आणि सगळे तिला नुसतं ‘एल ८’ म्हणतात. विषय एकच आहे. कामाच्या ठिकाणच्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू नये म्हणून मालकाने काय करायचं? चौथी आवृत्ती २०१३ सालची. तिच्या जोडीला ‘एचएसजी २७४’ हे तांत्रिक मार्गदर्शन आहे, तीन भागांत: पहिला कूलिंग टॉवरचा, दुसरा गरम आणि गार पाण्याच्या पाइपांचा, तिसरा उरलेल्या सगळ्याचा. दोन्ही गोष्टी फुकट डाउनलोड करता येतात.

जगभरातल्या अनेक कंपन्यांचे अंतर्गत नियम या पुस्तिकेवरून बेतलेले असतात. त्यामुळे खोपोलीपासून पाताळगंगेच्या काठाने रसायनीपर्यंत जे कारखाने आहेत, त्यांच्यापर्यंतही ती या ना त्या रूपात येते. कधी मुख्य कार्यालयाकडून आलेली चेकलिस्ट म्हणून, कधी ऑडिटरच्या प्रश्नावलीत. म्हणून ती खालापूरच्या उन्हात बसून वाचायला हवी, असं मला वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुस्तिका चांगली आहे. पण तिची इमारत दोन खांबांवर उभी आहे आणि त्यातला एक खांब कर्जत-खालापुरात उभाच राहू शकत नाही. हे न सांगता ती जशीच्या तशी उचलली, की कागद भरतो, टाकी तशीच राहते. आणि त्या जागी जे उभं करायला हवं, ते आपल्या ग्रामपंचायतींना आधीपासून ठाऊक आहे.

हा जिवाणू पोटातून नाही, श्वासातून जातो

थोडी ओळख करून घेऊ. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. त्यानंतर माणसं न्यूमोनियाने आजारी पडायला लागली, काही दगावली, आणि कारण सापडेना. १९७७ च्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला जिवाणू सापडला. लीजनवरून लिजिओनेला हे नाव पडलं.

नदी, तळी, विहिरी, ओली माती इथे तो थोड्या प्रमाणात असतोच. तिथे त्याचा फारसा त्रास नाही. माणसाने पाणी साठवलं, कोमट केलं, पाइपांतून फिरवलं आणि मग त्याचा बारीक फवारा उडवला, की प्रश्न सुरू होतो. फवाऱ्यातले डोळ्यांना न दिसणारे थेंब श्वासातून फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. बहुतेकांना काही होत नाही. पन्नाशीपुढची माणसं, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, आधीच फुप्फुसांचा त्रास असलेले यांना धोका जास्त. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा होत नाही, त्यामुळे रुग्ण सापडला की शोध पाण्याचा घ्यायचा असतो.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा जिवाणू पाण्यात एकटा तरंगत नाही. पाइपच्या आतून हात फिरवला तर जो बुळबुळीत थर लागतो ना, तिथे तो राहतो. त्या थरातले अमीबा जिवाणू खाऊन जगतात. हा मात्र अमीबाच्या पोटात जाऊन तिथेच वाढतो. टिम रोबोथम या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९८० मध्ये हे दाखवून दिलं. आपल्या फुप्फुसातही जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्या आतही तो हेच करतो. म्हणून पाण्यात क्लोरीन टाकलं की काम झालं, असं होत नाही. थर तसाच राहिला तर आतला पाहुणा सुरक्षित असतो.

पुस्तिकेत चांगलं काय आहे

टीका करण्याआधी श्रेय देऊ. एल ८ मालकाला पाच कामं सांगते: धोका कुठे आहे ते शोधा, तो कमी करण्याची लेखी योजना करा, ती राबवा आणि तपासत राहा, नोंदी ठेवा, आणि या सगळ्याला जबाबदार असा एक माणूस नेमा. वाचायला साधं वाटतं. पण ‘पाणी’ ही गोष्ट आपल्या कारखान्यांत कोणाची असते ते आठवून बघा. टाकी मेन्टेनन्सची, कूलिंग टॉवर युटिलिटीचा, वॉटर कूलर अ‍ॅडमिनचा, संडास-बाथरूम हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराचं, टँकर सिक्युरिटीच्या वहीत. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. एका माणसाचं नाव लिहा, ही अट या एकाच कारणासाठी सोन्यासारखी आहे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ती वापरात नसलेल्या नळांकडे बघते. आठवड्यात एकदाही न उघडणारा नळ किंवा शॉवर दर आठवड्याला सोडून पाणी वाहू द्या. शॉवरच्या जाळ्या दर तीन महिन्यांनी काढून, क्षार घासून साफ करा. ही कामं करायला प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण महत्त्वाची. ब्रिटनच्या कायद्यात एल ८ चा दर्जा असा आहे की तुम्ही ती पाळली नाहीत तर ‘आम्ही वेगळ्या रस्त्याने तितकीच सुरक्षितता साधली’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे वेगळा रस्ता बंद नाही. आणि तांत्रिक आकडे मुख्यतः एल ८ मध्ये नाहीत, ते एचएसजी २७४ मध्ये आहेत. तत्त्व एका पुस्तिकेत, मापं दुसरीत. आपल्याकडे येताना नेमकं उलटं झालं. मापं आली आणि तत्त्व तिकडेच राहिलं.

आता तो वीसचा आकडा

लिजिओनेला साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो आणि ३५ च्या आसपास त्याची चंगळ असते. २० च्या खाली तो मरत नाही, पण वाढतही नाही. ६० च्या वर फार वेळ टिकत नाही. यावरून एचएसजी २७४ च्या दुसऱ्या भागाने दोन खांब रोवले: गरम पाणी ६० अंशांवर साठवा आणि नळाशी एका मिनिटात ५० तरी यायला हवं, गार पाणी शक्य असेल तिथे २० च्या खाली ठेवा.

इंग्लंडात हे जमतं. जमिनीखालून येणारं पाणी मुळातच गार असतं. टाकीला थोडं आवरण घातलं, पाइप बॉयलरपासून लांब ठेवला की झालं. आता आपल्याकडे या. कर्जतला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडवर काळी प्लास्टिकची टाकी, तिच्यातून भिंतीवरून उघड्यावर उतरलेला पाइप. दुपारी तीनला नळ सोडला तर पहिलं पाणी हात भाजेल इतकं येतं. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचे काही तास सोडले तर २० अंशांचं पाणी इथे चिलर लावल्याशिवाय मिळणार नाही. टाकीचा दोष नंतरचा, नदीच २० च्या वर असते. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी टाटांच्या १९१५ सालच्या खोपोली वीजकेंद्रातून उतरून पाताळगंगेत येतं. कर्जत तालुक्यात १९२२ च्या भिवपुरी केंद्रातून तसंच पाणी उल्हास नदीला मिळतं. घाटमाथ्यावरून आलं तरी ते आपल्याच हवेतलं पाणी आहे.

‘शक्य असेल तिथे’ या तीन शब्दांवर माझा मुख्य आक्षेप आहे. इंग्लंडात ती एक सवलत आहे, उन्हाळ्यातल्या चार दिवसांसाठी. आपल्याकडे ती नियमच गिळून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेचं २००७ सालचं लिजिओनेलावरचं पुस्तक थोडं सैल आहे, पाणी २५ च्या खाली आणि जमलं तर २० च्या खाली ठेवा म्हणतं. पण आपलं पाणी वर्षातला बहुतेक काळ २५ च्याही वर. म्हणजे चेकलिस्टवर ‘गार पाण्याचं तापमान’ असा रकाना येतो, तिथे दर महिन्याला २९, ३१, ३३ लिहिलं जातं, शेजारी ‘वातावरणामुळे’ असा शेरा, आणि सही. नोंद खरी आहे, पण तिच्यामुळे कोणीच काही वेगळं करत नाही. जो आकडा कायमच लाल असतो, त्याकडे माणूस बघणं सोडतो.

खरं तर त्या रकान्याने मोठी गोष्ट सांगायला हवी होती: तुमच्याकडे गार पाण्याची लाइन नाहीच. आहे ती कोमट पाण्याची लाइन, बाराही महिने. मग इंग्लंडात ज्या पाइपाकडे कमी लक्ष दिलं तरी चालतं, तो तुमच्याकडे मुख्य संशयित ठरतो. आणि तापमानाचा खांब पडला म्हणजे सगळा भार उरलेल्या तिघांवर आला: पाणी साचू न देणं, थर धरू न देणं, आणि क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत टिकवणं. आपल्यासाठीची पुस्तिका इथून सुरू व्हायला हवी. एचएसजी २७४ मध्ये या गोष्टी आहेत, पण तापमान राखता येत नसेल तर वापरायचा दुसरा मार्ग अशा बेताने. आपल्याला दुसरा मार्गच पहिला आहे.

रासायनिक कारखान्यांत आणखी एक गाठ आहे. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर डोळे धुवायला आयवॉश आणि इमर्जन्सी शॉवर असतो. अमेरिकन मानकानुसार त्याचं पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान हवं, म्हणजे जखमी माणूस पंधरा मिनिटं त्याखाली उभा राहू शकेल. बरोबरच आहे. पण हीच जिवाणूंची आवडती पट्टी, आणि हा नळ अपघात होईपर्यंत कोणी उघडत नाही. म्हणून तेच मानक दर आठवड्याला तो सुरू करून बघायला सांगतं. आठवड्याची ती दोन मिनिटं यंत्र चालतं का एवढंच बघण्यासाठी नाहीत. महिनाभर साचलेलं पाणी कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणूनही आहेत.

आपले कागद काय म्हणतात

परदेशी पुस्तिकेला नावं ठेवून झाली. आता आपलं घर.

कारखान्यात पाण्याबद्दल विचारलं की एक कागद पुढे येतो: प्रयोगशाळेचा अहवाल, खाली ‘आयएस १०५०० प्रमाणे पिण्यायोग्य’. भारतीय मानक ब्यूरोचं हे मानक, २०१२ ची आवृत्ती. जिवाणूंच्या बाबतीत त्याची अट अशी की १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आणि ई. कोलाय सापडता कामा नयेत. पाण्यात मैला मिसळलाय का, हे कळायला ही चाचणी उत्तम आहे. कावीळ, हगवण, टायफॉइड यांचा रस्ता ती दाखवते. लिजिओनेला मैल्यातून येत नाही. तो पाइपात तयार होतो. त्यामुळे ई. कोलाय शून्य असलेल्या पाण्यातही तो मजेत असू शकतो. शिवाय नमुना कुठला? बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याच्या नळाचा. कूलिंग टॉवर, शॉवर, तुषारांचे पंखे यांचं पाणी कोणी पीत नाही, म्हणून ते कोणी तपासतही नाही. या पाण्याचा रस्ता तोंडातून नाही, नाकातून आहे, आणि तो रस्ता अहवालात नाही.

कायद्याचंही तसंच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम १८ पिण्याच्या पाण्याचं होतं. कलम बारकाईने लिहिलेलं होतं: पाणी पुरेसं आणि आरोग्याला चांगलं हवं, पाणवठ्यावर ‘पिण्याचे पाणी’ असं बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लिहिलेलं हवं, मुतारी, संडास, पिकदाणी, उघडं गटार यांपासून तो सहा मीटरच्या आत नको, आणि २५० हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी हवं. सगळं पिण्याचं.

पण याच कायद्याचं कलम १५ उघडून बघा. ते कृत्रिमरीत्या हवा दमट करण्याबद्दल होतं. सूतगिरण्यांत धागा तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा फवारा मारत असत. कलम म्हणायचं की या कामासाठी वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातलं असावं, नाहीतर वापरण्याआधी ते नीट शुद्ध करावं. आणि तसं होत नसेल तर निरीक्षक लेखी आदेश देऊ शकत असे. लिजिओनेलाचा शोध लागण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आपल्या कायद्याला हे कळलं होतं, की कामगार जे पाणी श्वासातून घेतो त्याचीही जबाबदारी मालकाची आहे! गिरण्या गेल्या आणि ती समज त्यांच्याबरोबर गेली. हा आणि इतर बारा कायदे एकत्र करून २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर झाली. कलम १५ चा विचार गिरणीतून कूलिंग टॉवरपर्यंत, शॉवरपर्यंत वाढवायची ती संधी होती. तेवढा विस्तार झालेला नाही. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांची यादी होती, शिशाच्या विषबाधेपासून सिलिकोसिसपर्यंत. तिच्यातही हा आजार नव्हता.

‘पण आपल्याकडे केसच नाहीत’

हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं. त्याचं उत्तर दवाखान्यात आहे. न्यूमोनियाचा रुग्ण आला, एक्स-रे काढला, अँटिबायोटिक सुरू केलं. बरा झाला तर घरी, नाही तर पनवेलला किंवा मुंबईला. लिजिओनेला आहे का, हे कळायला वेगळी चाचणी करावी लागते. लघवीतून होणारी झटपट चाचणी आहे, पण ती या जिवाणूचा एकच मुख्य गट पकडते. नेहमीच्या कफाच्या तपासणीत तो वाढत नाही. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी शोधलं, तेव्हा त्यांना हा जिवाणू रुग्णांत आणि रुग्णालयाच्या पाण्यातही मिळाला. तो भारतात नाही, असं म्हणायला जागा नाही.

आणि नाव कळण्याने फरक पडतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं यावर चालत नाहीत, कारण जिवाणू पेशीच्या आत लपलेला असतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन लागतं. दोन्ही आपल्याकडच्या साध्या औषध दुकानात असतात. तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरने रुग्णाला ‘काम काय करतोस? टॉवर, टाकी साफ केलीस का एवढ्यात?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ. संसर्ग आणि ताप यांत साधारण दोन ते दहा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तोवर कंत्राटी कामगार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो किंवा गावी.

टॉवर धुणारा माणूस

फ्रान्सच्या उत्तरेला आर्न नावाचं गाव आहे. २००३ च्या नोव्हेंबरपासून २००४ च्या जानेवारीपर्यंत त्या परिसरात ८६ जणांना हा आजार झाला, १८ मेले. उगम एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये निघाला. आजारी माणसं टॉवरपासून किमान सहा-सात किलोमीटरपर्यंत राहणारी होती. यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. संशय आल्यावर कारखान्याने टॉवर थांबवला आणि जोरदार दाबाच्या पाण्याने धुतला. आणि आजाराची दुसरी लाट आली. थरात बसलेले जिवाणू सफाईनेच हवेत उडवले गेले होते.

खोपोलीच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून सहा किलोमीटरचं वर्तुळ नकाशावर काढून बघा. त्यात काय काय येतं ते खालापूरच्या माणसाला मी सांगायला नको. मी कोणाला घाबरवत नाही. पाणी नीट ठेवलेला टॉवर निर्धोक असतो. पण टॉवर आतून घासणारा माणूस वर्तुळाच्या मध्यावर उभा असतो. तो बहुतेक कंत्राटाचा, शटडाउनच्या दोन दिवसांपुरता आलेला, तोंडाला रुमाल, हातात प्रेशर गन. आधी जंतुनाशक घालून, पाणी फिरवून, मग उपसून, मग कमी दाबाने धुवायचं हा क्रम त्याला कोणी सांगितलेला नसतो. रुमालातून थेंब जातात हेही नाही. एचएसजी २७४ चा पहिला भाग हे सगळं सांगतो, इंग्रजीत. कलम १८ ने पाणवठ्याच्या पाटीसाठी घातलेली भाषेची अट इथे जास्त गरजेची आहे. टॉवरच्या शिडीशी मराठीत आणि हिंदीत दहा ओळींची पाटी हवी.

न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात साउथ ब्रॉन्क्स भागात १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. त्यानंतर शहराने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी सक्तीची केली. आपल्या तालुक्यात टॉवर किती, कुठे, हे सांगणारी एक यादी असणं ही फार मोठी मागणी नाही.

कर्जतची बाजू: शनिवार-रविवारचं पाणी

खालापुरात कारखाने, तर कर्जतला रिसॉर्ट आणि फार्महाउस. तिथे हाउसकीपिंगच्या मावशी, माळी, आचारी काम करतात, म्हणजे तेही कामाचंच ठिकाण. पण कारखाना नाही, म्हणून कारखान्याचा कायदा तिथे नव्हता. आणि लिजिओनेलाच्या नजरेने बघितलं तर मांडणी अगदी सोयीची: खोल्या सोमवार ते शुक्रवार बंद, पाइपात पाणी उभं. गच्चीवर सोलर हीटर. जुलैच्या ढगांत तो पाणी ६० पर्यंत नेत नाही, कोमट करून सोडतो. शनिवारी दुपारी पाहुणे येतात आणि पहिला शॉवर सुरू होतो. त्याच्या आधी मात्र मावशींनी बाथरूम धुतलेलं असतं. म्हणजे आठवडाभर उभ्या राहिलेल्या पाण्याचा पहिला फवारा पाहुण्याला नाही, त्यांना लागतो. शिवाय रेन डान्स आहेच: तेच तेच पाणी पंपाने फिरवून माणसांच्या डोक्यावर उडवणं.

इथे एल ८ ची साप्ताहिक पाणी सोडण्याची सूचना शंभर टक्के लागू पडते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागून इमारती बंद पडल्या, तेव्हा अनेक देशांनी ‘उघडण्याआधी सगळे नळ वाहू द्या’ असे सल्ले काढले होते. कर्जतला तो लॉकडाउन दर आठवड्याला असतो. शुक्रवारी सकाळी खोलीची दारं-खिडक्या उघडायच्या, शॉवरची जाळी बादलीत बुडवून किंवा वरून फडकं गुंडाळून, फवारा न उडवता, पाणी पाच मिनिटं सोडायचं, आणि ते पाणी झाडांना घालायचं.

मग कशाला हे लाड?

एक आक्षेप मला स्वतःलाच टोचतो. मे महिन्यात कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत प्यायला पाणी नसतं, टँकरची वाट बघावी लागते. तिथे न्यूमोनियाच्या एका जिवाणूसाठी नळ सोडून द्या, असं सांगायचं? संख्येने बघितलं तर कावीळ आणि जुलाब यांचा नंबर आधी लागतो, यात वादच नाही. पण त्या वाड्यांतलीच माणसं या कारखान्यांत आणि रिसॉर्टांत रोजंदारीला येतात. आणि उपाय वेगवेगळे नाहीत. झाकण असलेली, सावलीतली, वेळेवर धुतलेली टाकी आणि नळाशी पोचणारं क्लोरीन दोन्हीकडे कामाला येतं.

इथेच मला आपली ग्रामपंचायत आठवते. गावात जलसुरक्षक असतो. तो टीसीएल पावडर घालतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला का बघतो, वहीत लिहितो. मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो, आणि त्यात नुसता पाण्याचा नमुना बघत नाहीत, गळती, टाकीभोवतीची घाण, टीसीएलचा साठा, पावडर घालणारा माणूस हेही बघतात. ही व्यवस्था कुठे नीट चालते, कुठे कागदावर, ते सगळ्यांना माहीत आहे. पण विचार म्हणून ती एल ८ च्या पाच कामांच्या फार जवळ आहे: नेमलेला माणूस, ठरलेली तपासणी, वही, आणि नमुन्यापेक्षा व्यवस्थेवर नजर. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला जलसुरक्षक, आणि तेवढ्याच कामगारांच्या कारखान्याला? वर्षातून एक प्रयोगशाळेचा अहवाल.

म्हणून चेकलिस्टवरचा तापमानाचा रकाना मी खोडणार नाही, पण खाली सरकवीन. वर हे प्रश्न येतील: पाणी कुठे कुठे उभं राहतं? कुठे कुठे त्याचा फवारा उडतो? शेवटच्या नळाला आज ओटी टेस्टमध्ये रंग आला का? टाकी शेवटची कधी घासली, आणि कोणी? टॉवर धुणाऱ्याला मास्क कोणता दिला? आणि या सगळ्याला उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव काय? लिजिओनेलाची प्रयोगशाळेतली तपासणी टॉवरसाठी जरूर करा. एचएसजी २७४ दर तीन महिन्यांनी करायला सांगतं. पण ती या प्रश्नांच्या नंतर. कारण ती काल काय होतं ते सांगते, आणि हे प्रश्न उद्या काय होईल ते ठरवतात.

तुम्ही कर्जत-खालापुरात कामाला असाल तर दोन स्वस्त गोष्टी करता येतील. ओटी टेस्टचा किट घ्या आणि एक साधा थर्मामीटर. सोमवारी पहिल्या पाळीला, सगळ्यात लांबच्या आणि कमी वापरातल्या नळाचं पहिलं पाणी एका भांड्यात धरा, फवारा न उडवता. तापमान बघा, क्लोरीन बघा, मग पाच मिनिटं पाणी सोडून पुन्हा बघा. चारही आकडे तारखेसह लिहा आणि ज्याचं नाव पाण्यापुढे लिहिलेलं आहे त्याच्या हातात द्या. नाव लिहिलेलंच नसेल, तर आधी ते लिहून घ्या.